जुन्याशी इमान म्हणजे काय?

जुन्या वस्तूशी इमान राखणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. वाडवडिलांकडून जे हाती आले ते जपावे आणि तसेच पुढच्या पिढीच्या हाती सोपवावे, असे उत्तर आपण चटकन देऊन मोकळे होतो. परंतु या उत्तरातल्या 'तसेच' या शब्दाचा अर्थ आपण क्वचितच तपासून पाहतो. आम्ही येथे तो तपासू इच्छितो, आणि त्यासाठी उदाहरण घेतो आहोत जुन्या मोटारसायकलच्या रबरी नळ्यांचे. साहित्याच्या अंकात नळ्यांची चर्चा कशाला, असे वाचकांना वाटेल. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल पान्या-पकडीवर पेटली आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाजातला मोठा वर्ग नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगतो, हे आकडेवारीनिशी दाखवले. त्या स्वयंरोजगारात गॅरेजही आले. मग गॅरेजमधला विचार आपल्या लेखनात का येऊ नये?

वणी हे दिंडोरी तालुक्यातले गाव सप्तशृंगी गडाच्या वाटेवर आहे. चैत्रात आणि नवरात्रात यात्रेकरूंची रीघ लागते. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या हंगामात रस्त्यावर मालाचे टेम्पो धावतात. पुढे नांदुरीपासून गडाचा घाट सुरू होतो. अशा रस्त्यावर गॅरेज चालणारच. येथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पडव्यांमध्ये अजून जुनी बुलेट, राजदूत, येझदी उभी असलेली दिसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० तर १९८३ मध्ये आली आणि त्याच दशकाच्या अखेरीस दिसेनाशी झाली. या गाड्यांचे मालक गेले, मुले कर्ती झाली आणि आता त्यांना वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. गॅरेजमध्ये येताच ते बोलतात ते रंगाबद्दल, क्रोमबद्दल, टाकीवरच्या नावाबद्दल. नळ्यांबद्दल कोणी विचारत नाही, कारण त्या टाकीखाली असतात आणि दिसत नाहीत.

वस्तुतः गाडी चालते ती या नळ्यांच्या भरवशावर. टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आणणारी एक नळी असते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाढले तर ते बाहेर सोडणारी दुसरी आणि त्याच्या वाटीत बाहेरच्या हवेचा दाब राखणारी तिसरी. राजदूत ३५० सारख्या गाडीत ऑइलच्या पंपापासून इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या वेगळ्या. बुलेटच्या इंजिनाला पोटातली हवा बाहेर टाकण्यासाठी श्वासाची नळी असते. काही जपानी गाड्यांत याखेरीज व्हॅक्यूमची नळी असते. पिस्टन खाली जाताना इंजिन हवा ओढते, त्या ओढीने कॉकमधला पातळ पडदा उचलला जातो आणि पेट्रोल वाहू लागते. इंजिन बंद झाले की ओढ संपते आणि कॉक आपोआप मिटतो. योजना सुंदर आहे, पण तिचा सगळा आधार बोटापेक्षा बारीक अशा एका रबरावर आहे.

या रबराला चीर गेली तर काय होते? पेट्रोलची नळी गळली तर निदान वास येतो. हवेची गळती मात्र ना दिसते ना वास देते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाला बारीक चीर पडली की इंजिन तेथून हिशेबाबाहेरची हवा घेऊ लागते. साधारणपणे एक भाग पेट्रोलला वजनाने पंधराएक भाग हवा लागते. हवा वाढली की मिश्रण पातळ होते आणि इंजिन नको तितके तापू लागते. गंमत अशी की सुरुवातीला गाडी बिघडल्यासारखी वाटत नाही. उलट ती अधिक उत्साहाने रेस घेते, आणि मालक खूश होतो. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. मग नांदुरीच्या चढाला, मागे माणूस बसलेला असताना, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मागचे चाक जागीच अडकते. ज्या घाटात एका बाजूला दरी आहे तेथे याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही.

आता 'तसेच' या शब्दाकडे वळू. हौशी मालक आग्रह धरतात की गाडीत सगळे अस्सल हवे, कंपनीतून आले तेच हवे. धातूच्या बाबतीत हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण रबर हा मुळात मर्त्य पदार्थ आहे. उष्णतेने तो कडक होतो, ऊन लागले की त्याला भेगा जातात, पडव्यात नुसती उभी असलेली गाडीही आतून म्हातारी होते. त्यात भोवतालचे जग बदलले. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आणि पुढच्या दोन वर्षांत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉल मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून बनते, आणि ऊस तर आपल्या तालुक्याच्या शेतातही उभा आहे. जुन्या काळच्या साध्या रबराला हे इंधन मानवत नाही. नळी फुगते, मऊ पडते किंवा आतून तिचे कण सुटून जेटमध्ये अडकतात. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण आणखी पातळ होते. म्हणजे गाडी आहे तशीच ठेवली तरी ती ज्या जगात चालायची ते जग तसे राहिलेले नाही. १९८३ ची नळी आज जपून ठेवणे म्हणजे १९८३ ची गाडी जपणे नव्हे. त्या नळीचे काम पेट्रोल वाहून नेणे हे होते, आणि ते काम आता तिच्याने होत नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरील जी गाडी मूळ रूपात राखली आहे आणि जिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नाहीत, ती विंटेज. नळ्यांचा उल्लेख या व्याख्येत नाही. ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेली थिसियसच्या जहाजाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. अथेन्सच्या लोकांनी जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि तत्त्वज्ञ वाद घालीत बसले की हे जहाज तेच की दुसरे. गॅरेजमधल्या माणसाला हा वाद परवडत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: उद्या सकाळी या गाडीवर माणूस बसणार आहे, त्याला काय देणे लागतो? संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीला मूळ नळी शोभेल. रस्त्यावरच्या गाडीला ती शोभत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही निम्मेच सांगितले असे होईल. कारण जुने ते टाका, हेही उत्तर तितकेच उथळ आहे. नळ्यांच्या बाबतीत जेवढी हानी जुने रबर करते तेवढीच, किंबहुना अधिक, हानी अर्धवट समज असलेला हात करतो. बुलेटची श्वासाची नळी घ्या. तिच्यातून ऑइलचा फवारा येतो, मागचा भाग घाण होतो, म्हणून कोणीतरी तिला बूच मारतो. पिस्टन खाली आला की पोटात दाब तयार होतो, त्याला वाट मिळत नाही, मग तो जागोजागच्या सीलमधून ऑइल बाहेर काढतो. गाडी आणखी घाण होते आणि दोष गाडीच्या म्हातारपणाला दिला जातो. व्हॅक्यूमच्या कॉकचेही तसेच. पडदा फाटला की त्याच नळीतून पेट्रोल थेट इंजिनात ओढले जाते. कोणी म्हणतो, ही भानगडच नको, नळी बंद करा आणि कॉक कायमचा उघडा ठेवा. मग कार्बोरेटरमधली सुई एकदा अडकली की रातभर पेट्रोल इंजिनात उतरत राहते. ज्याचे प्रयोजन आपल्याला कळले नाही ते निरुपयोगी, असे मानण्याचा हा परिणाम आहे.

म्हणूनच चांगला कारागीर नळ्यांना हात लावण्याआधी एक काम करतो. कोणती नळी कोठून निघाली, कोठे गेली, कशाच्या वरून आणि कशाच्या खालून गेली, हे तो पाहतो. चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर आकडे घालतो, कागदावर रेघोट्या ओढतो, हल्ली मोबाइलवर फोटो काढतो. सगळ्या नळ्या एकदम उपटत नाही. एक काढली की तिच्या जागी एक बसवतो. पेट्रोलची नळी व्हॅक्यूमला लावत नाही, कारण पातळ भिंतीची नळी ओढीने आत चेपते. गाडी चालू झाल्यावर जोडांवर साबणाचे पाणी सोडून इंजिनाचा आवाज बदलतो का, ते ऐकतो. ऑइलच्या नळीतला हवेचा बुडबुडा निघाल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देत नाही. हे ज्ञान आपल्याकडे उस्तादाकडून शागिर्दाकडे बोलता-बोलता आले आहे. त्यातले कितीतरी कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि उस्ताद गेले की ते त्यांच्याबरोबर जाते. नळी बाजारात मिळते, पण तिची वाट सांगणारा माणूस मिळत नाही. आमच्या मते वारशाचा खरा भाग तो आहे.

यातून आम्हांस जे कळते ते असे. जुन्याशी इमान राखायचे ते त्याच्या रबराशी नव्हे, त्याच्या जोडणीशी. काय कशाला जोडले होते आणि का, हे ज्याला समजले त्यालाच बदलण्याचा अधिकार पोहोचतो, आणि जपण्याचाही. न समजता जपणारा आणि न समजता फेकणारा, दोघांनाही आतल्या जोडणीशी देणेघेणे नसते. आपल्या समाजात रूढींविषयी जे वाद होतात त्यांतही हे दोन पक्ष आम्ही पुष्कळ पाहतो. एकाला कडक झालेली नळी पवित्र वाटते, दुसऱ्याला प्रत्येक नळी अडगळ वाटते. चासी कोणती आणि रबर कोणते, हे विचारण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. समाज म्हणजे यंत्र नव्हे, हे आम्ही जाणतो. पण प्रश्न विचारण्याची ही रीत तेथेही उपयोगी पडेल असे वाटते.

राहता राहिला न दिसणाऱ्या कामाचा प्रश्न. टाकी बसवली की स्वस्त नळी आणि इथेनॉल सोसणारी महाग नळी सारखीच झाकली जाते. ग्राहकाला फरक कळणार नाही. पैसे मात्र त्याने दोन्हीचे सारखे मोजलेले असू शकतात. आपल्या घराघरांत 'अमानत' हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. तो बहुधा दागिन्यांच्या, पैशांच्या संदर्भात वापरला जातो. आम्हांस वाटते, उघडून ठेवलेली गाडी हीदेखील अमानत आहे, कारण सोपवणाऱ्याला तिच्या आत पाहता येत नाही आणि त्याने आपल्या डोळ्यांवर विश्वास टाकला आहे. गिऱ्हाईक गरीब असेल, क्रोम आणि नळ्या दोन्ही परवडत नसतील, तर 'क्रोम राहू द्या, आधी नळ्या बदला' हे त्याला स्पष्ट सांगणे कारागिराचे काम आहे. त्याने ऐकले नाही आणि तो दुसऱ्या गॅरेजला गेला, तर दिवसाची मजुरी बुडते. हे नुकसान खरे आहे, आणि ज्याच्या घरी रोजच्या कमाईवर रात्रीचे जेवण ठरते त्याला ते सहज सोसा म्हणून सांगणे योग्य होणार नाही. तरीही वणीच्या रस्त्याने संध्याकाळी गडाकडे चढणारी जी जुनी गाडी नीट घरी परत येते, तिच्या पोटात कोणीतरी हे नुकसान सोसून बसवलेली नळी असते. मालकाला ती माहीत नसते.