हा माझा क्रूस आहे, फादर!



घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते : "काय करणार फादर, हा माझा क्रूस आहे." अंथरुणाला खिळलेली सासू हा क्रूस, मधुमेह हा क्रूस, नोकरी न लागलेला मुलगा हा क्रूस आणि रोज पिऊन येणारा नवरा हाही क्रूसच. गुडघेदुखीलासुद्धा हाच शब्द! या शब्दामागची श्रद्धा मी जाणतो. पण उपवासकाळात दर शुक्रवारी आपण क्रूसाच्या वाटेसाठी जमतो, तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दुःख सोसले म्हणजे माणूस आपोआप बदलतो का?

अनुभव तसे सांगत नाही. दुःखाने माणूस मऊ होतो, तसा कडवटही होतो. एकाच घरातल्या एकाच मरणानंतर एक भाऊ देवाच्या जवळ येतो आणि दुसरा चर्चची पायरी चढायचे सोडतो. दुःख दोघांचे सारखेच. म्हणजे बदल घडवणारी शक्ती नुसत्या दुःखात नसावी. मग ती कुठून येते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना एडिथ स्टाइन हे नाव प्रथम कानी आले. 1891 साली जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे) एका भाविक यहुदी घरात तिचा जन्म झाला. कुमारवयातच तिने प्रार्थना सोडून दिली. पुढे एडमंड हुसर्ल या थोर तत्त्वज्ञाच्या हाताखाली तिने 1916 साली डॉक्टरेट मिळवली. विषय होता : दुसऱ्याच्या मनातले सुखदुःख आपल्याला कळते, ते नेमके कसे? त्या काळी बाईमाणसाने डॉक्टरेट मिळवणे ही साधी गोष्ट नव्हती.

पहिले महायुद्ध चालू होते. तिचे एक आवडते शिक्षक, अॅडॉल्फ रायनाख, नोव्हेंबर 1917 मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर मारले गेले. ते आणि त्यांची पत्नी आना, दोघेही जन्माने यहुदी. आदल्याच वर्षी दोघांनी प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला होता. पतीचे कागदपत्र नीट लावण्याच्या कामी एडिथची मदत हवी होती. एडिथला जायचे धैर्य होईना. मयताच्या घरचा उंबरठा ओलांडताना आपले पाय जड होतात, तसेच तिचे झाले असणार. विश्वास नसलेल्या माणसाने विधवेला काय सांगायचे?

पण तिथे तिला वेगळेच दिसले. आना दुःखात होती, पण उन्मळून पडलेली नव्हती. क्रूसावरच्या ख्रिस्तावर तिने आपला भार टाकला होता. धीर द्यायला गेलेल्या एडिथलाच तिथे धीर मिळाला. पुढे एडिथने सांगून ठेवले आहे की क्रूसाशी आणि क्रूस वाहणाऱ्यांना मिळणाऱ्या दैवी सामर्थ्याशी तिची ही पहिली भेट होती. त्या क्षणी तिचा अविश्वास कोसळला.

तरीही तिने दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा घेतला नाही. मध्ये चार वर्षे गेली. 1921 च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या घरी आविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र तिच्या हाती पडले आणि 1 जानेवारी 1922 रोजी ती कॅथलिक झाली. तीन दिवसांच्या ध्यानसाधनेनंतर घरातला माणूस सोमवारपासून बदललेला दिसावा अशी आपली अपेक्षा असते. देवाला घाई नसते.

आनाजवळ असे काय होते? मला वाटते, आपल्या दुःखात आपण एकट्या नाही याची तिला खात्री होती. जिथे ती उभी होती, तिथे ख्रिस्त आधी येऊन गेला होता. कुरेनेकर शिमोनाचेही असेच. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि क्रूस खांद्यावर दिला. त्याने तो मागितला नव्हता. पण त्या ओझ्यामुळे तो येशूच्या मागोमाग चालला. संत मार्क त्याच्या मुलांची नावेही देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. पहिल्या वाचकांना ती मुले ओळखीची असावीत. बाप शेतावरून उशिरा का आला, हे त्या घरात किती वेळा सांगितले गेले असेल!

आता खरा अवघड प्रश्न. खांद्यावर कुणीही काहीही लादले, तरी ते मुकाट्याने वाहायचे का?

1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी म्हणून एडिथची अध्यापनाची नोकरी गेली. त्याच एप्रिलमध्ये तिने पोप पायस अकरावे यांना पत्र लिहिले : यहुद्यांचा छळ होत आहे, ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक तो करत आहेत, ख्रिस्तसभेने आता गप्प राहू नये. हे पत्र 2003 साली लोकांसमोर आले. आणि त्याच 1933 च्या ऑक्टोबरमध्ये ती कोलोनच्या कार्मेल मठात दाखल झाली. पुढे तिने नाव घेतले, क्रूसाची तेरेजा बेनेडिक्टा. अन्यायाविरुद्ध पत्र लिहिणारा हात आणि क्रूस कवटाळणारा हात एकच होता. पुढे ती हॉलंडच्या मठात गेली. तिथल्या बिशपांनी यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र 26 जुलै 1942 रोजी चर्चमध्ये वाचायला लावले, तेव्हा सूड म्हणून नाझींनी यहुदी वंशाच्या कॅथलिकांना धरले. 2 ऑगस्टला एडिथ आणि तिची बहीण रोझा यांना नेले आणि 9 ऑगस्टला आउश्विट्झ येथे ठार मारले. 1998 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केले. ती मारली गेली ती लाखो यहुद्यांबरोबर, यहुदी म्हणून. तिचा सण साजरा करताना हे झाकून ठेवू नये.

प्रभू येशूकडेच पाहा. महायाजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा त्याने विचारले की मी वाईट बोललो असेन तर तसे दाखव, नाहीतर मला का मारतोस? क्रूसाच्या वाटेवर निघालेल्या प्रभूने हे विचारले आहे.

म्हणून सांगतो, लकव्याने पडलेल्या आईची सेवा हा क्रूस असू शकतो. टाळता न येणारे आजारपण, जवळच्या माणसाचे मरण, प्रेमामुळे सोडवत नाही असे ओझे, हेही क्रूस. पण बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला क्रूस म्हणणे मला मान्य नाही. ती हिंसा आहे, पाप आहे आणि 2005 च्या कायद्याने तिच्याविरुद्ध दाद मागता येते. "सहन कर, तुझा क्रूस आहे" असा सल्ला आपल्या मुलींना सासू-आयांकडून मिळतो, आणि स्पष्टच बोलायचे तर कधीकधी आम्हा धर्मगुरूंकडूनही मिळतो. तो बंद व्हायला हवा.

या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर मी उशिरापर्यंत चर्चच्या कार्यालयात थांबणार आहे. ज्या बहिणींना घरातल्या मारहाणीविषयी बोलायचे असेल त्यांनी निःसंकोच यावे. एकटीने यायला संकोच वाटत असेल तर शेजारणीला, बहिणीला, कुणालाही सोबत आणावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू