कॉटपाशी गप्प का उभे राहिलात?

पेनं खाली ठेवा. हे लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आहे.

स्तन्यस्रवणावरचे तुमचे पेपर मी तपासले. प्रोलॅक्टिन, ऑक्सिटोसिन, बाणांसकट आकृत्या, सगळं बिनचूक. आणि काल वॉर्डात काय केलंत? बाळंतपणाला दोन दिवस झालेल्या पोरीची सासू विचारत होती, "हिला दूधच येईना, वरचं देऊ का?" तुमच्यातला एक म्हणाला, "द्या थोडं, पाणी घालून." बाकीचे मूग गिळून गप्प. तुमच्या अंगावर पांढरा कोट होता, म्हणून त्या माउलीने तो डॉक्टरचा शब्द मानला. लाज वाटायला हवी!

दुसऱ्या दिवशी चीकच येतो. थोडा, घट्ट, पिवळसर, आणि निरोगी बाळाला तेवढाच पुरतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरतं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. हे तुम्हीच लिहिलंय! बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं, आणि छाती रिकामी होईल तसं दूध तयार होतं. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ ओढत नाही, मग दूध खरोखरच आटतं. आणि 'हिला येतच नाही' हे बाळंतिणीच्या तोंडावर म्हटल्याने तिला जो ताण येतो, त्याने ऑक्सिटोसिन अडतं. असलेलं दूधही उतरत नाही. म्हणजे तुमच्या एका वाक्याने सासूची भीती खरी करून ठेवली असती.

गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट. मोठ्या माणसाचं मूत्रपिंड लघवी जितकी दाट करू शकतं, त्याच्या जेमतेम निम्मी तान्ह्याचं करतं. म्हणून पाणी घालायचं? मग उष्मांक घटतात, आणि पाण्याबरोबर जंतू गेले की हगवण लागते.

शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं तान्ह्यांच्या पोषणावर संशोधन केलं. पाजण्याआधी बाळाचं वजन, पाजल्यावर पुन्हा वजन. कपडे तेच, लंगोट ओला झाला तरी बदलायचा नाही. काट्यावरचे ते थोडेसे ग्रॅम मी आयांना दाखवत असे. 'दूध नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणींना दूध होतं. त्यांना हवा होता जवळ बसून बाळ नीट छातीशी लावून देणारा माणूस.

डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरात भाषण केलं, त्याचं नावच 'मिल्क अँड मर्डर'. डब्यातलं गोड दूध तान्ह्यांना योग्य म्हणून खपवणाऱ्यांना त्यांनी भर सभेत खुनाचा दोष दिला. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने शिशुदुधाच्या जाहिरातीवर बंदी घातली. आणि तुम्ही ते काम फुकटात करता?

काही बाळांना वरचं दूध द्यावंच लागतं, मान्य. पण ते तपासून बालरोगतज्ज्ञ ठरवतील, पहिल्या वर्षाची पोरं नाहीत. माहीत नसेल तर "सिस्टरांना विचारून सांगतो" म्हणायला जीभ का जड होते?

उद्या सकाळी सगळ्यांनी वॉर्डात जायचं. त्या दोघींची माफी मागायची, आणि बाळ छातीशी कसं लावतात ते सिस्टरांकडून शिकून यायचं. त्याशिवाय एकाच्याही जर्नलवर माझी सही होणार नाही.