चांगलीं पानें हरतात तेव्हां

द्यूताचें नांव काढतांच आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढें सभापर्वांतील धर्मराज उभा राहातो, आणि त्यापुढें त्या विषयाचा विचार करण्याचें प्रयोजन आपणांस वाटत नाहीं. परंतु निंद्य मानलेल्या गोष्टींतही नीतीचा एखादा प्रश्न कधीं कधीं अधिक स्पष्ट दिसतो. अमेरिकेंतील पोकर या पत्त्यांच्या खेळाचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार मला या दृष्टीनें विचार करण्याजोगा वाटतो. जुगाराची भलामण करण्याचा येथें हेतु नाहीं. क्लबाचा मालक डावाडावांतून आपला वाटा काढून घेतो, आणि लहान पैजांच्या टेबलावर बसणारे बहुतेक लोक अखेर खिसा हलका करूनच उठतात, हें प्रथमच सांगून ठेवतों.

या खेळाचें जन्मस्थान म्हणून टेक्सास संस्थानच्या विधिमंडळानें २००७ सालीं रॉब्सटाउन या गांवाला मान्यता दिली. खेळ सोपा आहे. प्रत्येक भिडूला दोन पानें झांकलेलीं मिळतात. नंतर मध्यें सर्वांसाठीं प्रथम तीन, मग एक व शेवटीं आणखी एक पान उघडतात. या सातांतून ज्याचीं पांच पानें सर्वांत वरचढ ठरतील, त्याला मधली सर्व रक्कम मिळते. मर्यादित पैजेच्या प्रकारांत दर फेरीची पैज ठरलेली असते. उदाहरणार्थ, पहिल्या दोन फेऱ्यांत चार डॉलर व पुढील दोन फेऱ्यांत आठ. तुमचीं पानें कितीही चांगलीं असोत, भली मोठी रक्कम पुढें लोटून इतरांना हांकलून देण्याची तुम्हांला मुभा नाहीं.

आतां असें समजा कीं, तुमच्याजवळ इस्पिक एक्का व किलवर गुलाम आहे. मध्यें बदाम गुलाम, बदाम अठ्ठी आणि इतर रंगांचीं दोन हलकीं पानें उघडलीं आहेत. गुलामाची जोडी तुमची. या क्षणीं तुम्ही सर्वांच्या पुढें आहांत. पण समोर तिघे बसले आहेत. पहिल्याजवळ बदामचींच दोन हलकीं पानें आहेत, दुसऱ्याजवळ दश्शी व नव्वी आहे, तर तिसऱ्याजवळ राजा व अठ्ठी. राहिलेल्या ४४ पानांपैकीं पहिल्याला ९ पानें तारतील, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ५. त्यांत तीन पानें दोनदां मोजलीं गेलीं आहेत, तीं वगळलीं तर तुम्हांला बुडविणारीं पानें १९ व तारणारीं २५. एकेकटा पाहिला तर प्रत्येक भिडू तुमच्याहून कितीतरी मागें आहे. तिघे मिळून मात्र जवळजवळ बरोबरीस येतात. प्रत्यक्ष दोन एक्क्यांचीही हीच गत आहे. एका अनोळखी भिडूविरुद्ध ते शेंकडा ८५ वेळां जिंकतात, नऊ जणांविरुद्ध अवघे ३१ वेळां.

बरें, ते तिघे मूर्ख आहेत म्हणावें, तर तसेंही नाहीं. मध्यें ३२ डॉलर जमले आहेत, त्यांत तुम्ही ८ घातले. बदामवाल्याला आठांत चाळीस मिळविण्याची संधि आहे, आणि त्याचें पान पांचांत एकदां येणारच. त्याचें बसून राहाणें हिशेबाला धरूनच आहे. तुमचें पैज लावणेंही तितकेंच योग्य, कारण तिघांनीं तुमच्यामागून पैसे घातल्यास फेरीचे ३२ डॉलर होतात, व अशा डावांत तुमचा सरासरी वाटा १८ डॉलरांहून किंचित् अधिक पडतो.

येथेंच नीतीचा प्रश्न उभा राहातो. शेवटचें पान बदामचें निघतें आणि डाव जातो. तेव्हां आपला एक्का सर्वांना दाखवीत नशिबाला आणि त्या 'अडाणी' भिडूला दूषणें देणारा मनुष्य बहुधा प्रत्येक टेबलावर असतो. त्याची तक्रार पैशाची नसते. आपण चांगले होतों, म्हणून जिंकण्याचा आपला हक्क होता, असें त्याला मनापासून वाटतें. दुसरा असाच पोळून भित्रा होतो, व पुढें असतांनाही पैज लावीत नाहीं. तिसरा हट्टी, बदाम पडलें, एकानें पैज लावली, दुसऱ्यानें ती वाढविली, तरी गुलामाची जोडी त्याच्या हातून सुटत नाहीं. पहिल्याला गर्व आहे, दुसऱ्याला भय, तिसऱ्याला आसक्ति. तिघांचीही चूक मात्र एकच: चांगलें असणें आणि सुरक्षित असणें यांतील अंतर त्यांना कळलें नाहीं.

आपल्या पांढरपेशा संसाराची स्थिति याहून फार वेगळी आहे काय? प्रामाणिकपणा, थोडें शिक्षण, नियमित कष्ट, हीच आपली गुलामाची जोडी. ती खरोखर चांगली आहे, परंतु इतरांना टेबलावरून उठविण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. शेजाऱ्याचा मुलगा पुढें गेला, म्हणजे त्यानें आपल्या मुलावर अन्याय केला असें होत नाहीं. तोही आपल्या पानांनीं खेळत होता. पुढें असूं तोंवर संकोच न करतां पुढें व्हावें, मागें पडलों हें स्पष्ट दिसतांच पानें शांतपणें खालीं ठेवावीं, आणि केलेला विचार बरोबर होता कीं नाहीं एवढेंच घरीं जातांना स्वतःस विचारावें. धर्मराजाला समोरचे फांसे कपटाचे मिळाले, हें खरें. तथापि उठण्याची वेळ त्याला ओळखतां आली नाहीं, हा दोष शकुनीचा नव्हता.