छप्पर नसलेला डबा आणि दुसऱ्या वर्षाचा मायक्रो

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी खूश असतो. मागणीची रेषा उतरते, पुरवठ्याची चढते, जिथे गाठ पडते तिथे किंमत ठरते. आकृती नीट काढली, अक्षांना नावे दिली की अर्धे मार्क पदरात. दुसऱ्या वर्षी हे सुख संपते. 'इंटरमीजिएट मायक्रो' नावाचा पेपर येतो आणि आकृत्यांच्या मानगुटीवर डेरिव्हेटिव्ह, लाग्रांजचा गुणक आणि कॉब-डग्लसचे फलन येऊन बसते. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आर्ट्सला आलेल्यांची पाचावर धारण बसते. पण ज्यांचे गणित चांगले, त्यांची काळजी जास्त करायला हवी. ते उत्तर बरोबर काढतात, आणि हे उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे, असे विचारायचे त्यांना सुचतही नाही.

या पेपरचे जगभर चालणारे पाठ्यपुस्तक हॅल व्हेरियन यांचे. पहिली आवृत्ती १९८७ ची. व्हेरियन तेव्हा मिशिगन विद्यापीठात होते. पुढे ते गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. दिल्ली विद्यापीठात ऑनर्स करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हेच पुस्तक घोकले आहे. त्याची सुरुवात घरभाड्याने होते. अमेरिकेतले एक विद्यापीठाचे गाव, विद्यापीठाला लागून मोजकी घरे, आणि ती हवी असलेले भरपूर विद्यार्थी. घरे कोणाला मिळतील? बाजार खुला असेल तर एक उत्तर, सगळी घरे एकाच मक्तेदाराची असतील तर दुसरे, सरकारने भाड्यावर मर्यादा घातली तर तिसरे. या तिसऱ्या प्रकारात घराची सर्वांत जास्त किंमत मोजायला तयार असलेल्यालाच ते मिळेल याची खात्री उरत नाही. मग ज्याला मिळाले त्याने ते दुसऱ्याला पैसे घेऊन दिले, तर दोघांचाही फायदा होतो.

गिरगावात किंवा लालबागला वाढलेल्या मुलाला इथे हसू फुटायला हवे. व्हेरियन ज्याची शक्यता वर्तवतात, तो व्यवहार मुंबईने कधीच करून दाखवला होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. भाडे गोठले, खोलीची किंमत काही गोठली नाही. ती पागडीच्या वाटेने बाहेर आली. खोली हातबदल होताना नवा भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम मोजे, मालक त्यातला आपला हिस्सा घेई, आणि दरमहा भाड्याची पावती मात्र किरकोळ रुपयांची फाटे. हे सगळे बेकायदा होते, आणि सगळ्यांना ठाऊक होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अखेर पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करू दिली. दरम्यान दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात वर केले होते. १९६९ साली उपकर लावून सरकारी दुरुस्ती मंडळ उभे करावे लागले.

स्वस्त भाड्याचा लाभ मग झाला कोणाला? सगळ्या भाडेकरूंना, असे सरसकट उत्तर दिले जाते आणि ते चूक आहे. भाडे गोठले तेव्हा जो आत होता, त्याला घबाड मिळाले. त्याच्याकडून पागडी देऊन ज्याने खोली घेतली, त्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या स्वस्ताईची किंमत आधीच चुकती केलेली असते. उद्या भाडे बाजारभावाने झाले, तर घबाड खाल्लेला केव्हाच निघून गेलेला आणि भुर्दंड या दुसऱ्याच्या माथी. हा युक्तिवाद पूर्णपणे इंटरमीजिएट मायक्रोचा आहे, आणि त्याला लाग्रांज लागत नाही. तरीही तो वर्गात क्वचितच ऐकू येतो.

वर्गात ऐकू येतो तो गिफेन. किंमत वाढली तरी खप वाढतो, अशा वस्तूला गिफेन वस्तू म्हणायचे आणि उदाहरण म्हणून १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या दुष्काळातला बटाटा द्यायचा, हा रिवाज. त्या दुष्काळात बटाट्याचे पीकच सडून गेले होते; मग अख्ख्या देशाने जास्त बटाटे खाल्ले कुठून? अर्थतज्ज्ञ मार्शल यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९५ च्या आवृत्तीत गिफेनचे नाव घेतले ते गरिबांच्या पावाच्या संदर्भात. खरा पुरावा यायला शंभरहून जास्त वर्षे लागली. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्तात मिळेल अशी कुपने दिली. कुटुंबे भात कमी खाऊ लागली. वाचलेल्या पैशांतून इतर काही ताटात आले आणि भाताची गरज घटली. सवलत काढून घेतल्यावर भात पुन्हा वाढला. २००८ साली हा निबंध छापून आला. पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम यांची वजाबाकी विद्यार्थी परीक्षेत डोळे मिटून करतो. हुनानमध्ये ती ताटात दिसली.

याहून मजेदार गोष्ट झ्यूल द्यूपुई यांची. हे फ्रान्सच्या सरकारी पूल-रस्ते खात्यातले इंजिनिअर. पुलावर टोल किती घ्यावा, या निव्वळ नोकरीतल्या प्रश्नातून १८४४ साली त्यांनी ती कल्पना मांडली जिला आज उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. १८४९ साली त्यांचे लक्ष रेल्वेकडे गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नाही? छपराचा खर्च झेपत नाही म्हणून नव्हे, असे द्यूपुईंचे उत्तर. ज्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते, त्याने तिसऱ्याकडे वळू नये म्हणून. कंपनीचा गरिबावर राग नाही; तिला श्रीमंताला घाबरवायचे आहे आणि भिजतो गरीब. मूल्यभेदाचे प्रकरण याहून चांगले कोणी समजावलेले नाही.

आता हेच सूत्र भारतीय रेल्वेला लावून पाहावे. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला, लाकडी फळ्या राहिल्या. १९७७ साली जनता सरकारात राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला हा माणूस. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंची फोम चढवला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस धावली, तीही वर्गच नसलेली. द्यूपुईंच्या हिशेबाने वरच्या वर्गातले काही उतारू खाली सरकायला हवेत आणि मक्तेदाराचे नुकसान व्हायला हवे. मग मक्तेदाराने असे का करावे? कारण या मक्तेदाराचे उद्दिष्ट निव्वळ नफा नव्हते, आणि फळीवर पाठ टेकणारे वरच्या वर्गापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. प्रमेय खोटे ठरत नाही. त्याचे एक गृहीतक बदलते. कोणते गृहीतक बदलले हे अचूक सांगता येणे, हीच या पेपरची खरी कमाई. बाकीचे संगणक करतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी हेच केले. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मालाची सारखीच माहिती असते, हे गृहीतक त्यांनी काढून टाकले आणि जुन्या मोटारींचा बाजार कसा कोसळतो ते दाखवले. तीन नियतकालिकांनी निबंध परत पाठवला. कोणाला तो क्षुल्लक वाटला, तर हे खरे असेल तर अर्थशास्त्रच वेगळे असते असेही एका परीक्षकाने कळवले. दरम्यान १९६७-६८ हे वर्ष अ‍ॅकरलॉफ यांनी दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काढले. १९७० साली तेरा पानांचा निबंध अखेर छापला गेला, त्यात भारतीय सावकारी आहे, आणि मुद्दाम खडे मिसळलेला तांदूळ निवडत बसलेली गृहिणीही आहे. २००१ साली नोबेल मिळाले. आपल्या स्वयंपाकघरातला खडा त्या निबंधात आहे, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

गणित नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गणिताशिवाय गृहीतके लपून राहतात आणि शब्दांच्या धुरळ्यात काहीही सिद्ध करता येते. तक्रार प्रश्नपत्रिकेची आहे. दरवर्षी तेच फलन, तीच अंदाजपत्रक रेषा, फक्त आकडे बदललेले. तेव्हा पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांनी निदान एक प्रश्न असा घालावा: केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती अटींसह पुन्हा खुली केली. या काळात शेतकऱ्याचे काय गेले, ग्राहकाला काय मिळाले आणि दोघांच्याही हाती न लागता काय वाया गेले, ते आकृती काढून दाखवा. गृहीतके आधी लिहा. गुण १५.