दंडाची पावती आणि दुसरे शील



कुरुंदवाड आगारातून सुटणाऱ्या एस.टी.त कधी कधी एक लहानसा प्रश्न उभा राहतो आणि आपल्यापैकी पुष्कळजण त्याला प्रश्नच मानीत नाहीत. एखादा वाहक म्हणतो, "तिकीट राहू द्या, पाच रुपये कमी द्या." आपण मान डोलावतो. पुढे तपासणी पथक गाडी थांबवते आणि आपल्या हातात दंडाची पावती पडते. मग आपण म्हणतो, नशीबच खोटे! नशिबाचा येथे काय संबंध? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या दीक्षेने नशीब हा शब्द आपल्या घरातून हद्दपार झाला आहे. जे घडले ते आपल्या कृतीने घडले. तेव्हा कृतीचाच विचार करू.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२४ सांगते की, तिकिटाशिवाय किंवा पासाशिवाय प्रवास करू नये. तिकीट गाडीतच मिळत असेल तर चढल्यावर शक्य तितक्या लवकर भाडे देऊन ते घ्यावे. कलम १७८ प्रमाणे विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हेच कलम वाहकालाही सोडत नाही. भाडे घेऊन तिकीट न देणारा किंवा कमी किमतीचे तिकीट देणारा वाहकही दंडास पात्र आहे. म्हणजे "पाच रुपये कमी द्या" या सौद्यात गुन्हेगार एक नाही, दोन आहेत.

जयसिंगपूर किंवा मिरजेला जाऊन आगगाडी धरणाऱ्यांनी १९८९ चा रेल्वे कायदाही जाणून घ्यावा. कलम १३७ फसविण्याच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १३८ साध्या विनातिकीट प्रवासासाठी आहे. त्यात भाडे आणि त्यावर जादा आकार, म्हणजे भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. पुरुष सोबतीशिवाय प्रवास करणारी स्त्री किंवा मूल यांना प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचे स्टेशन सोडून वाटेत इतरत्र उतरवून देता येत नाही आणि रात्री तर मुळीच नाही, असेही कलम १३९ सांगते.

प्रवास तोच, गाडी तीच. मग दोन कलमे का? कारण कायद्याने हेतू वेगळा केला. भगवान बुद्धानेही कर्माचे मूळ चेतनेत दाखविले. पास घरी विसरलेला विद्यार्थी आणि पास नसताना "घरी विसरलो" म्हणणारा विद्यार्थी हे दोघे एकाच रकमेची पावती घेऊन उतरतील. पण त्यांची कर्मे एक नाहीत. पहिल्याने पैसे भरले की प्रकरण मिटले. दुसऱ्याचा हिशेब महामंडळाशी मिटला, स्वतःशी मिटला नाही. दंड भरणे म्हणजे शील सावरणे नव्हे. पुन्हा तसे करणार नाही असा निश्चय मनात झाला तरच ते सावरते.

कोणी म्हणेल, "शतकानुशतके आम्हाला लुटले, आम्ही सरकारचे दहा रुपये बुडविले तर काय बिघडले?" हा युक्तिवाद ऐकायला तिखट आहे, पण तपासून पाहा. ज्यांनी लुटले ते आज स्वतःच्या मोटारीतून फिरतात. एस.टी.त बसतो कोण? शेतमजूर, बाजारकरी बाई, शाळेत जाणारी आपलीच मुलगी. गाडीचे उत्पन्न बुडाले आणि फेरी बंद झाली तर पायी कोण चालणार? सूड ज्याच्यावर उगवायचा त्याच्यावर तो उगवतच नाही. न दिलेले घेणे हे अदिन्नादान. ते कोणाच्या ताटातून घेतले, हेही पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावाकडे भाड्याचे पैसे होते. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले महाराच्या मुलांना गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवाल्याने बरोबर चालायचे, असे ठरले. आज तिकीट हातात असले की ते जात विचारीत नाही. ज्या कागदाने आपल्याला बरोबरीची जागा दिली, तोच आपण पाच रुपयांसाठी नाकारावा काय?

मग नियम कधीच मोडू नये काय? तसे नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेत माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स या निग्रो भगिनीने गोऱ्या माणसासाठी जागा सोडण्यास नकार दिला. तिला १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली. तिने भाडे चुकविले नव्हते. भाडे भरूनच तिने अन्याय नाकारला, तोही उघडपणे. ३८१ दिवस तेथील निग्रो जनतेने बसवर बहिष्कार टाकला आणि तो नियम मोडून पडला. अन्यायी नियम उघड मोडतात. न्याय्य नियम लपून मोडतात. तुमचा नियमभंग कोणत्या जातीचा आहे, हे लपविण्याच्या इच्छेवरून ओळखा.

आता पावती हातात पडली तर काय करावे? चूक असेल तर वाद न घालता पैसे भरा आणि पावती घ्या. तारीख, रक्कम, कारण वाचून पाहा. पावतीशिवाय एक पैसाही देऊ नका. ती लाच होईल आणि एका चुकीच्या दोन होतील. चूक नसेल, पैसे देऊनही तिकीट मिळाले नसेल, तर गप्प राहू नका. तपासनिसासमोर तिथल्या तिथे सांगा, शेजारच्या प्रवाशाची साक्ष घ्या, आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. आवाज चढवू नका, मानही खाली घालू नका.

खिशात भाडेच नसेल आणि आजारी मुलाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर? तर वाहकाला तसे उघड सांगा. मागणे ही चोरी नव्हे, लपविणे ही चोरी. वाहकाला फुकट नेण्याचा अधिकार नाही. पण गाडीत पन्नास माणसे बसलेली असतात. त्यांत एखादा उपासक असेल तर त्याने खिशात हात घालावा. मैत्री आणि दान हे शब्द विहारापुरते नाहीत.

शेवटी मातांना एक विनंती. सहा वर्षांच्या मुलाचे वय वाहकाला चार सांगू नका. अर्धे तिकीट वाचेल. पण मांडीवरचे मूल ऐकत असते. विहारात त्याच्याकडून पंचशील म्हणवून घ्यायचे आणि गाडीत दुसरे व चौथे शील एकाच वाक्यात मोडायचे, हे त्याने कसे समजून घ्यावे? आपल्या घरात धम्म आला की नाही, हे भिंतीवरच्या तसबिरीवरून ठरत नाही. वाहक पुढ्यात येऊन उभा राहिला म्हणजे ते ठरते.

जयभीम!