माणूस कुणाच्या हद्दीत?

३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. लढ्याला पैसा हवा होता. निजामाचे पोलीस आणि रझाकार मागावर असायचे, तेव्हा जीव वाचवायचा एक खात्रीचा मार्ग होता: पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे निघून जाणं. तिथे निजामाची हद्द संपायची.

अटकेविरुद्धच्या फार जुन्या कायदेशीर हत्याराचं गणितही हद्दीवरच चालतं, फक्त उलटं: इथे माणूस हद्दीबाहेर गेला की सुटका अवघड होते. हेबिअस कॉर्पस म्हणजे, माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला कोर्टापुढे आणावं आणि कोणत्या कायद्याने धरलं ते सांगावं. उमरीकरांना ‘हेबिअस टाकायची’ तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठावं लागतं. तिथे हा अर्ज पुष्कळदा घर सोडून गेलेल्या मुलीसाठी येतो. खरी कसोटी मात्र राजसत्ता माणसाला उचलून हद्दीबाहेर नेते तेव्हा लागते.

मराठी वाचकाच्या ओळखीचं उदाहरण सावरकरांचं. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून आलेल्या सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. हिंदुस्थानात पाठवणी रोखावी म्हणून हेबिअसचा अर्ज झाला, अपीलही झालं, दोन्ही फेटाळली गेली. १ जुलैला ‘मोरिया’ बोट निघाली. ८ जुलैला मार्सेलिसला त्यांनी पोर्टहोलमधून उडी टाकली, फ्रान्सच्या जमिनीवर पाय लागला आणि फ्रेंच शिपायाने धरून त्यांना परत बोटीवर नेऊन दिलं. उडीच्या गोष्टी आपण खूप सांगतो, पुढचा निकाल क्वचितच. फ्रान्सने तक्रार केली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा: अटकेत अनियमितता होती, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत द्यायला हवा असं नाही. म्हणजे चूक झाली खरी, पण ज्याच्या हाती माणूस, त्याचाच तो!

अमेरिकेत हद्दीची हीच ओढाताण आता फेडरल कोर्टात चालते. अर्जाची फी पाच डॉलर. अडचण वेगळीच असते: अर्ज साधारणपणे कैदी जिथे कोंडला आहे तिथल्याच कोर्टात करायचा आणि कैद्याला तर रातोरात हलवता येतं. जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सूरी यांना मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियात धरलं, मग लुइझियाना, मग टेक्सास. व्हर्जिनियातल्याच न्यायाधीशांनी अर्ज आपल्याकडे ठेवला आणि १४ मे रोजी त्यांना सोडायला लावलं. हद्द कोणती, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न सुटला म्हणून माणूस सुटला.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांनी बांगलादेशी समजून पश्चिम बंगालच्या काही मजुरांना ताब्यात घेतलं. सीमेपलीकडे ढकलल्यावर ते भारतीय असल्याचं निघालं आणि त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या दोन कुटुंबांतल्या सहा जणांना बांगलादेशात पाठवलं गेलं. त्यात एक गरोदर बाई होती. तिच्या वडिलांनी कलकत्ता उच्च न्यायालयात हेबिअस टाकली. हा विषय दिल्लीच्या कोर्टाचा, असं केंद्राचं म्हणणं होतं. २६ सप्टेंबरला न्यायालयाने सहाही जणांना चार आठवड्यांत परत आणायला सांगितलं. चार आठवडे कधीच उलटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे ५ डिसेंबरला ती बाई मुलाला घेऊन सीमेच्या अलीकडे आली. बाकीचे चौघे त्या दिवशी पलीकडेच होते.