घरची भाषा आणि चौथी आज्ञा

शिरगणतीला येणारा कर्मचारी विचारतो, ‘मातृभाषा कोणती?’ बालपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती मातृभाषा, अशी तिची सरकारी व्याख्या आहे. २०११ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे होते सुमारे २ लाख ६० हजार. दुसरी वा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असे सांगणारे मात्र १२ कोटींहून अधिक! इंग्रजी शिकायची तर घरची भाषा टाकावी लागते, हा समज कुठून आला कोण जाणे.

आपल्या वसईत कुणाच्या घरी सामवेदी म्हणजे कादोडी, कुणाच्या घरी वाडवळी. आता मात्र मराठी माध्यमात शिकलेली आई बाळाशी अडखळत इंग्रजी बोलते. तिला नावे ठेवणे सोपे आहे. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीवाचून मागे पडणे काय असते, हे तिने सोसलेले असते. मुलाच्या वाट्याला ते येऊ नये, ही माया खरीच आहे. शिवाय लाज काही इंग्रजीनेच शिकवली असे नाही. ‘शुद्ध बोल’ म्हणून कादोडी बोलणाऱ्या पोराला मराठी शाळेतही हिणवले जाईच.

प्रश्न आहे तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा. आजी ओटीवरून हाक मारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, ती नुसती हसते. संध्याकाळी रोझरीला तिचे ‘नमो मरिया’ एकीकडे, त्याचे ‘हेल मेरी’ दुसरीकडे. हळूहळू ती बोलायचीच थांबते. तिच्या औषधपाण्यात, जेवणात कसर नसते. पण आईवडिलांचा मान राखा ही चौथी आज्ञा तेवढ्याने पाळली जाते का? ज्या घरात आपले बोलणे कुणाला कळत नाही, तिथे मान कसला? आमच्या मते हा अन्याय आहे, आणि तो प्रेमापोटी घडतो म्हणून लवकर दिसत नाही.

पेत्राला महायाजकाच्या वाड्यात लोकांनी त्याच्या बोलीवरूनच ओळखले. त्याच गालीली माणसाला प्रभूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या देऊ केल्या होत्या. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला आपापली भाषा ऐकू आली, सर्वांना एकच भाषा शिकवली गेली नाही. आणि फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज! १५७९ साली ते गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. आपल्या नातवंडांना मात्र आजीपर्यंतचे चार पावलांचे अंतर जड जाते.

इंग्रजी शाळेला आमची हरकत नाही. शाळा तिचे काम करील. पण जेवताना, रोझरीला, ओटीवर बसताना आईने आपल्या आईची भाषा बोलावी. फादर आजारी आजीला तैलाभ्यंग द्यायला घरी येतात, तेव्हा ती उशाशी उभ्या नातवाला काहीतरी सांगू पाहते. ते त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याइतका वेळ त्या खोलीत नसतो.